एक इंच पाच सूत

१

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता नवलने झुलाल नानांच्या गॅरेजचं शटर वर ढकललं आणि आत उभ्या असलेल्या छप्पन सालच्या लँडमास्टर गाडीकडे बघून त्याच्या हातातलं झेंडूचं तोरण तसंच खाली लोंबत राहिलं.

बॉनेट उघडं होतं. इंजिनाच्या पोटाला पाच गोल काळी भोकं पडली होती.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिथे पाच पितळी डम्या होत्या. डमी म्हणजे वाटीसारखं छोटं झाकण. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी फिरायला पोकळ्या असतात, ब्लॉक ओतताना त्याच्या अंगाला गोल भोकं राहतात, ती या वाट्या ठोकून बंद करतात. दिसायला काहीच नाही. पण डमी नसली तर पाणी थांबत नाही, पाणी नाही तर इंजिन नाही, आणि या गाडीची डमी अख्ख्या खानदेशात मिळत नव्हती.

"नाना!" नवल ओरडला. "आठे या! लवकर या!"

नाना चपला घासत आले. सत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, कपाळावर ताजा टिळा. त्यांनी भोकांकडे बघितलं आणि सावकाश स्टुलावर बसले.

"कुलूप?"

"जसंच्या तसं व्हतं. आत्ताच उघडलं, तुमची किल्ली लावून."

"मंग दुसरी किल्ली कोनाजवळ शे?"

नवलने तोरण शटरच्या कडीला अडकवलं. बोलायची गरजच नव्हती. दुसरी किल्ली राजदीपकडे होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी नवलच्या छातीत कुठेतरी गार वाऱ्याची झुळूक आल्यासारखं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

२

ही दुसरी किल्ली पंधरा वर्षं नवलच्या कमरेला होती.

नवल सोळाव्या वर्षी धुळ्याला नानांकडे आला तो इथेच वाढला. नुसतं इंजिन ऐकून दोष सांगायचा. नानांना मुलगा नाही, पोरगी सुरतेला, आणि नाना दर दिवाळीला म्हणायचे, "हाई बठ्ठं पुढे तूच देखजो." नवलने मनातल्या मनात बोर्डसुद्धा रंगवून ठेवला होता.

मग दोन महिन्यांपूर्वी जळगावहून राजदीप आला. सव्वीस वर्षांचा. कोणाकडे शिकला नाही, कोणाचा मार खाल्ला नाही. फोनवर व्हिडिओ बघून बघून स्वतः शिकला, आणि जुन्या गाड्यांवर असा हात बसवला की लोक शोधत येऊ लागले. नवलला याचाच जास्त राग. आपण दहा वर्षं पाने धुतले, तेव्हा कुठे नानांनी इंजिनाला हात लावू दिला. आणि हा फोन बघून शिकला?

लँडमास्टर जळगावच्या चारुलताताईंची. त्यांची डाळमिल आहे, गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तीस वर्षांपूर्वी त्यांनी ती नानांना दाखवली होती. नाना तेव्हा म्हणाले होते, "डम्या सडल्या. भेटत नाहीत. ब्लॉक संपला. ठेवून द्या." ठेवून दिली. वडील गेले. गाडी डाळीच्या पोत्यांमागे पडून राहिली. यंदा ताईंनी राजदीपचं नाव ऐकलं आणि टेम्पोत घालून गाडी धुळ्याला पाठवली. राजदीपसाठी म्हणून.

राजदीपने डमी शोधायला सुरुवात केली तेव्हा नवल मिशीत हसत होता. बाजारात एक्केचाळीस मिलिमीटरची मिळते, ती सैल पडायची. बेचाळीसची आत जायचीच नाही. ट्रकच्या आणून बघितल्या, ट्रॅक्टरच्या बघितल्या. मालेगाव, इंदूर, फोनवर फोन. "एक्केचाळीस पॉइंट तीन पाहिजे भाऊ, पॉइंट तीन!" असं तो दिवसभर कोणाला ना कोणाला सांगत असायचा. शेजारच्या लेथवाल्या अभिमनने तर पितळेचा रॉड आणून ठेवला, आता मलाच घडवायला सांगतील म्हणून.

आठव्या दिवशी राजदीप चाळीसगावहून परतला. तिथल्या एका बंद पडत आलेल्या स्पेअरच्या दुकानाच्या माळ्यावर, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेल्या पाच डम्या. कंपनीच्या, कोऱ्या.

चारुलताताई त्या दिवशी मुद्दाम जळगावहून आल्या. सगळ्यांसमोर हसत म्हणाल्या, "नाना, तुम्हाला तीस वर्षं सापडल्या नाहीत, पोराने आठ दिवसांत आणल्या!"

सगळे हसले. नवल सोडून. त्याच संध्याकाळी नानांनी नवलकडून किल्ली मागून घेतली. "राजदीपले उशिरापर्यंत काम रहास. तू घर जास सहा वाजता."

बस. तेव्हापासून नवलचं जेवण गोड लागलं नव्हतं.

३

अकरा वाजता चारुलताताई आल्या. आज संध्याकाळी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, गाडी चालू करायची होती, म्हणून पेढे घेऊन. भोकं बघून त्यांनी पेढ्यांचा डबा परत गाडीत ठेवला.

"राजदीप कुठाय?"

"जळगावला. संध्याकाळी येणार होता. फोन बंद करून ठेवला आहे," नवलने लगेच सांगितलं. जरा जास्तच लगेच.

नाना म्हणाले, "ताई, मी कोनावर आळ घेत नही. पन काल नवमी. सकाळी आम्ही बठ्ठी हत्यारं पुजली. आमच्यामां त्या दिवशी पान्याले कोनी बोट लावत नही. मरी जाईन पन लावाव नही. आते राजदीपनं तसं नही. त्याले त्यानी काय भीती?"

हे खरं होतं. काम कितीही घाईचं असलं तरी या गॅरेजात नवमीला पूजा झाली की दसऱ्याला दुपारी आपट्याची पानं वाटेपर्यंत हत्यार उचलायचं नाही. राजदीप बौद्ध. त्याच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्राचा दिवस, हत्यारांचा नाही. पूजेच्या वेळी तो बाजूला उभा होता, आणि आपल्या पेटीतले पाने, पंच, हातोडी त्याने स्वतःहून फळीवर आणून ठेवले होते. "लावा यांना पण कुंकू. तुमच्यात एकटे कशाला पडतील बिचारे." सगळे हसले होते.

ताई म्हणाल्या, "मी रविवारी येते. तोवर खरं काय ते मला कळलं पाहिजे. त्याने केलं असेल तर जळगाव-धुळ्यात कोणी त्याच्या हातात सायकल देणार नाही, एवढं मी बघेन. आणि त्याने नसेल केलं, तर ज्याने केलं त्याचं."

त्या गेल्यावर नानांनी नवलच्या खांद्यावर हात ठेवला.

"तूच शोध नवल. तुन्हा कान शे, डोकं शे. पोलीस-बिलीस नको आपल्याले. आनि आईक, मी आते थकनू. दिवाळीले हाई गॅरेज कोनाच्या तरी हातमां देनं शे. राजदीपनं असं निघनं तर मंग तूच शे ना."

नवलला अजून काय पाहिजे होतं?

तो इंजिनावर वाकला. एका भोकात बोट घातलं. तळाला चमचाभर पाणी साचलेलं. त्याने बोट नाकाशी नेलं. कुठलातरी उग्र, ओळखीचा वास. पण कुठला, ते काही आठवेना. भोकाची कड मात्र गुळगुळीत होती, एक ओरखडा नाही. डम्या बसवताना राजदीपने कडेला गळती थांबवणारा लालसर, चिकट शेलॅक लावला होता, तो अजून ओला होता म्हणून गुरुवारपर्यंत पाणी भरू नका असं त्याने सगळ्यांना बजावलं होतं. आता तो शेलॅक भोकाच्या बाहेरच्या अंगाला फासला गेला होता.

नवलने मागे वळून फळीकडे बघितलं. काल त्याने स्वतः मांडलेली हत्यारं. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, वर अक्षता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी टाकलेली झेंडूची माळ. एक फूल हललेलं नव्हतं. एक तांदूळ घसरलेला नव्हता.

मग डम्या काढल्या कशाने?

४

गॅरेजसमोर भागाबाईचा चहाचा गाडा. तिच्या नजरेतून या रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सुटत नाही.

"भागाअक्का, काल दुपारून गॅरेजमां कोन उन्थं?"

"राजदीप उन्था. तीन वाजता. पिशवी लिसन गया जळगावले." तिने चहा गाळला. "माले म्हने अक्का, दसरानं सोनं माले ठेवजो. गोड पोऱ्या शे."

"किती वेळ व्हता आतमां?"

"चहा थंडा व्हस इतला."

"दुसरं कोनी?"

"कोनीच नही."

नवलने चहाचा घोट घेतला. बास झालं की! किल्ली त्याच्याकडे, आला तो एकटा, हत्याराची भीती त्याला नाही. आता जळगावला जायचं आणि त्याच्या तोंडावर विचारायचं. नवलने मोटरसायकलला किक मारली तेव्हा तो जवळजवळ गाणं म्हणत होता.

पारोळा, एरंडोल करत तीनच्या सुमारास तो जळगावला पोचला. राजदीपचं घर शोधायला वेळ लागला नाही. दारात पांढऱ्या साडीतली एक तरुणी रिक्षातून उतरत होती. राजदीपची बहीण संघमित्रा, सरकारी दवाखान्यात नर्स.

"राजदीप आहे का?"

"विहारात आहे, येईलच. फोन बंद असतो आज सगळ्यांचा. तुम्ही?"

"नवल. धुळ्याहून."

"अय्या! तुम्ही नवलभाऊ?" ती त्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "मला वाटलं कोणीतरी म्हातारे असाल. दादा रोज तुमचंच सांगतो. नवलसारखा कान कोणाला नाही, मी व्हिडिओत बघून जे शिकलो ते त्याला न बघता येतं. आम्हाला तर कंटाळा आला तुमचा!"

कोणी शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

राजदीप आला. पांढरा सदरा, पांढरी पँट. सगळं ऐकल्यावर तो पायरीवर मटकन बसला.

"पाचही?"

"पाचही."

"ब्लॉकला मार लागलाय का? कड फुटली का कुठे?" हा त्याचा पहिला प्रश्न. स्वतःबद्दल नाही, किल्लीबद्दल नाही. ब्लॉकबद्दल.

"तू तीन वाजता कशाला आलास काल?"

"पिशवी राहिली होती. आणि डम्या बघायला. नवीन काम असलं की मला बघितल्याशिवाय राहवत नाही." मग त्याने नवलच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला एकदम उमगलं. "म्हणजे मीच, असं वाटतंय तुम्हाला?"

"तुझ्याशिवाय कोणाकडे किल्ली आहे?"

"हो," राजदीप हळू म्हणाला. "बरोबर. मग मीच दिसणार. पण नवल, मला त्या काढायच्या असत्या तर स्क्रू ड्रायव्हरने दोन मिनिटांत कडेला ठोकून फिरवल्या असत्या. कडेला ओरखडे आलेच असते. आहेत का ओरखडे?"

नवल उठला. कारण ओरखडे नव्हते. आणि हे त्याला राजदीपच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

५

शुक्रवारी तो चाळीसगावला गेला. काही झालं तरी डम्या लागणारच होत्या, दुसरा सेट आपण शोधून आणला तर आपलंही नाव होईल, असा त्याचा हिशोब.

स्टेशनच्या मागे पितांबर आबांचं दुकान. अर्धं शटर खाली, आत धूळ आणि आबा. कानाला यंत्र, पण डोळे तेज.

"अजून एक सेट? नाही बाबा. तो शेवटचा होता. तुमच्यातल्याच एकाला सांगितलं ना मी सोमवारी."

"कोणाला?"

"नाव नाही सांगितलं त्याने. दुकानाच्या फोनवर आला होता. म्हणाला, लँडमास्टरच्या डमीचा अजून सेट आहे का, एक इंच पाच सूत." आबा हसले. "बरं वाटलं ऐकून. आजकाल सगळे मिलिमीटर मिलिमीटर करतात. सूत म्हणणारा माणूस भेटतोय कुठे?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुने मिस्त्री, लेथवाले अजून त्यातच बोलतात. राजदीपला सूत म्हणजे काय हे नवलनेच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, नाही, शेवटचा सेट तुमचा तो पोरगा घेऊन गेला. दुनियेत आता बहुतेक दुसरा नसेल." आबांनी चष्मा पुसला. "आणि गंमत सांगू? गिऱ्हाईकाला माल नाही म्हटलं की गिऱ्हाईक हळहळतं. हा म्हणाला, 'बरं झालं.'"

म्हणजे ज्याने हे केलं, त्याने आधी खात्री करून घेतली होती. डमी गेली की परत मिळायला नको.

सूतात बोलणारा. डम्या परत मिळू नयेत असं वाटणारा. परत मिळाल्या नाहीत तर कोणाला काम मिळणार होतं? पितळेचा रॉड आणून कोण बसला होता?

अभिमन!

६

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापूस. एका शेतात बाई पाठीवर पंप घेऊन फवारत होती. वाऱ्याबरोबर तो वास नवलच्या तोंडावर आला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला.

हाच. भोकातल्या पाण्याला हाच वास होता. कापसावरच्या औषधाचा.

तो रस्त्याच्या कडेला उतरून उभा राहिला. इंजिनात औषध कसं जाईल? फवारणीच्या पंपातून. धुतलेल्या पंपालाही वास राहतोच. पंपाची नळी ब्लॉकच्या पाण्याच्या तोटीला जोडायची, बाकीची तोंडं बुचं मारून बंद करायची आणि दाब द्यायचा. ओल्या शेलॅकवर बसलेली एक डमी आतून बाहेर, ते भोक बुचाने दाबायचं की पुढची, फट फट फट. म्हणून कडेला ओरखडे नाहीत. म्हणून शेलॅक बाहेरच्या अंगाला फासलेला. हत्यार लागलंच नाही.

धुळ्यात शिरला तो थेट अभिमनच्या लेथवर.

"सोमवारी चाळीसगावला फोन तू केला का? फवारणीच्या पंपाने डम्या तू उडवल्या का?"

"कोनता फोन? डोकं फिरलं का तुन्हं?" अभिमन चिडला. "हां, डम्या मी घडवल्या असत्या, राजदीपने पत्ता कापला, राग आला माले. पन किल्ली कुठून आणू? आणि नवमीले? अरे, माझ्या आईने मला दारात उभं केलं नसतं नवमीला काही उघडलं-ठोकलं तर! आणि काढायचंच असतं तर पंच-हातोडी काय कमी आहेत? पंपाने! असा वेडा उद्योग कोण करतं?"

अभिमन ओरडत राहिला, पण नवलला पुढचं ऐकूच आलं नाही.

असा वेडा उद्योग कोण करतं?

दोन मिनिटांचं काम. स्क्रू ड्रायव्हरने होणारं. ज्याला नवमीचं काही नाही, त्याने ते दोन मिनिटांत केलं असतं. एवढा पंप, एवढी नळी, एवढा घाम कोण गाळेल? ज्याचा हात हत्याराला लागूच शकत नाही तो. चोरी करायला तयार, पण नवमीला पान्याला बोट लावायला तयार नाही, असा माणूस.

म्हणजे राजदीप नाही. जो पुरावा म्हणून सांगितला गेला, त्यानेच राजदीप सुटत होता.

किल्ल्या दोनच. एक राजदीपकडे.

तो रस्ता ओलांडून भागाबाईच्या गाड्याशी गेला.

"भागाअक्का, बुधवारी राजदीप गया, त्याना नंतर नाना उन्थात का?"

"हां, उन्थात ना. चार वाजता. गाडीमां काही तरी आनेल व्हतं, पोतडामां गुंडायेल."

"मंग मी इचारं तव्हय 'कोनीच नही' काबर सांगं?"

भागाबाईने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "नाना काय कोनी शे का? गॅरेजच त्यास्नं शे!"

७

शनिवारी नवल सोनगीरला नानांच्या शेतावर गेला नाही. जायची गरज नव्हती. गावात आता सगळ्यांकडे बॅटरीचे पंप, नवलच्या घरीसुद्धा. त्यांना डमी बाहेर फेकण्याइतका दाबच येत नाही. पायाने दाबायचा जुना पंप, ज्याने लिंबाच्या शेंड्यापर्यंत फवारा जातो, तो फक्त नानांनी जपून ठेवला होता. तो दोन वेळा दुरुस्तही केला होता, नवलनेच.

नानांनी त्याला बोलावलं आणि न बोलता बोर्ड रंगवणाऱ्याचा कागद पुढे केला. "नवल ऑटो गॅरेज. प्रो. प्रा. नवल." अक्षरं पिवळी, मागे निळं. नवलच्या मनातल्या बोर्डाचेच रंग.

"उद्या ताईले सांग, आनि सोमवारपासून काम सुरू कर."

नवल तो कागद घेऊन घरी गेला. रत्ना, त्याची बायको, कागद बघून आनंदाने हसली आणि मग त्याचा चेहरा बघून थांबली. "काय झालं?"

"काही नाही."

"मग बोर्ड बघून रडायला काय झालं?"

"रडत नाहीये," नवल म्हणाला. त्याला स्वतःचा राग येत होता. दोन महिने ज्या माणसाचं वाटोळं व्हावं म्हणून देवाला सांगितलं, त्याचं वाटोळं आता फक्त आपण गप्प बसल्याने होणार होतं. एक शब्द खोटं बोलायचं नव्हतं. फक्त गप्प. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

८

रविवारी दहा वाजता चारुलताताई आल्या. त्यांच्या गाडीतून राजदीपही उतरला, मान खाली घालून, त्या सांगतील तिथे उभा राहिला. अभिमन दाराशी टेकला. नाना स्टुलावर.

"बोल नवल," ताई म्हणाल्या. "कोणी केलं?"

नवलने घसा साफ केला. "ताई, राजदीपने केलं असतं तर मला फार आनंद झाला असता. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं खरं वाटेल."

राजदीपने मान वर केली.

नवल फळीकडे गेला. "हत्याराला कोणी हात लावला नाही. माळ मी टाकली होती, मीच बघितली. डम्या आतून बाहेर आल्या, पाण्याच्या दाबाने. पाण्याला कापसाच्या औषधाचा वास होता. राजदीपकडे शेत नाही. पंप पायाचा पाहिजे. सोमवारी चाळीसगावला फोन गेला, बोलणारा सूतात बोलला आणि दुसरा सेट नाही म्हटल्यावर 'बरं झालं' म्हणाला. हे सगळं एका बाजूला ठेवा. राजदीपला नवमीची भीती नाही, म्हणून त्याच्यावर संशय आला ना? पण ज्याला भीती नाही तो हातोडी उचलतो. ज्याने नाही उचलली, त्याला भीती होती."

तो थांबला. पुढचं नाव उच्चारायला त्याला पंधरा वर्षं ओलांडावी लागत होती.

"नाना, पोतड्यात काय होतं?"

नाना बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. मग बोलले ते ताईंशी नाही, गाडीशी बोलल्यासारखे.

"तीस वरीस मी सांगत उनू, हाई इंजिन मरी गयं. मन्हा शब्द व्हता तो. खानदेशमां झुलाल मिस्त्रीनं इंजिन मरी गयं सांगं की मरी गयं. हाऊ पोऱ्या उना. फोनवर शिकेल. आनि आठ दिवसमां..." त्यांनी टोपी सारखी केली. "तुम्ही हासनात ताई. बठ्ठा हासनात."

"डम्या कुठे आहेत?" ताईंनी विचारलं.

"पांझरा नदीमां. खोल पानीमां."

राजदीपने डोळे मिटले. त्याला खरंच दुखलं, आणि ते आरोपाचं दुखणं नव्हतं, पितळेचं होतं.

"एक सांगा नाना," नवल म्हणाला. "शोधायला मलाच का सांगितलं? दुसरा कोणी नाही भेटला?"

नानांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"तू त्यावर जळस म्हनीसन. माले वाटनं, तू दुसरीकडे देखावच नही." ते कसंनुसं हसले. "किल्ली पन मी त्यानासाठेच तुन्हाकडून लिन्ही. दोन दिवस तू मन्हाशी बोलना नही, माले माहीत पडनं, आग लागनी. जळनारा मानूस आंधळा रहास. मी स्वतः आंधळा व्हई गयथू, म्हनीसन माले वाटनं तू पन व्हशीन."

चारुलताताईंनी पर्स काखेत घेतली. "मी ओरडणार नाही. माझे बाबा तुमच्यावर विश्वास ठेवून गेले, त्यांच्यासाठी. पण गाडी इथेच राहील नाना, तुमच्या डोळ्यांसमोर. हात फक्त या दोघांचा लागेल. ज्या दिवशी चालू होईल त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहायचं आणि बघायचं. आणि राजदीपला आत्ता, माझ्यासमोर, काय ते बोला."

नाना उठले. गुडघ्यावर हात देऊन. सत्तर वर्षांच्या माणसाने सव्वीस वर्षांच्या पोरासमोर टोपी काढली.

"राहू द्या नाना," राजदीप म्हणाला. थोडं थांबून पुढे म्हणाला, "आत्ता राहू द्या. मला खूप राग आलाय. नंतर बघू."

९

दोघं बाहेर भागाबाईच्या गाड्याशी उभे राहिले. चहा आला.

"तूच असावास असं मला खरंच वाटत होतं," नवल म्हणाला. "अजूनही थोडं वाटतंय."

"माहितीये. जळगावला आलास तेव्हा इतका खुश दिसत होतास की संघमित्राला वाटलं लग्नाची पत्रिका घेऊन आलास."

नवलला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

"तुला माझा राग नाही येत?"

"येतो ना. दोन महिने तू मला एक पाना हातात दिला नाहीस. मला काय वाटत असेल? तुला नुसतं ऐकून कळतं आणि मी इथे यूट्यूब मागे-पुढे करत बसतो. झोप लागत नाही मला." राजदीपने ग्लास ठेवला. "गॅरेज कोणाला देणार आता नाना?"

"ते नंतर. आधी डमी."

मालेगावच्या जुन्या बाजारात गाड्यांच्या भंगाराची एक गल्ली आहे. राजदीपने ती दोनदा पालथी घातली होती. नवल म्हणाला, तुला विचारताच येत नाही, पॉइंट तीन पॉइंट तीन करतोस, जुन्या माणसाला काय कळणार? राजदीप म्हणाला, आणि तुझं सूत नव्या पोरांना कळणार का? मोटरसायकल कोणी चालवायची यावर भांडण झालं. नवलने चालवली. रस्त्यात दोन वेळा राजदीप मागून म्हणाला, "हळू," आणि दोन वेळा नवलने मुद्दाम वेग वाढवला.

गल्लीतली सहा दुकानं झाली. सातव्यात, गंजलेल्या रेडिएटरांच्या ढिगामागे, एक म्हातारा पत्र्याचा डबा उलथून पितळेच्या वाट्या मोजत बसला होता. तऱ्हेतऱ्हेच्या, लहान-मोठ्या. दोघांना एकाच वेळी दिसल्या. राजदीपने खिशातून मापाचा व्हर्नियर काढला, नवलने नुसतं बोटाच्या पेरावर एक वाटी ठेवून बघितली, आणि दोघांनी एकमेकांना कोपराने ढकललं.

म्हाताऱ्याने वर बघितलं. "कोणाला पाहिजे?"

"मला," दोघं एकदम म्हणाले.